धुरा आखताना : आमच्या मिनी दाल मिलच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

कापसाचा दुसरा वेचा चालू आहे, तूर फुलावर आली. शेतीच्या खर्चाची वही मामाजींकडे, म्हणजे सासऱ्यांकडे असते. ही वही वेगळी, यात फक्त दाल मिलचं लिहायचं.

घराला लागून टिनाचा शेड आहे, तिथं अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली मिनी दाल मिल बसवायचं ठरलं आहे. अकोल्याला जाऊन यंत्र चालताना पाहून आलो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या केळापूर तालुक्यात कापसाच्या ओळींत तूर घरोघरी असते. तरी तूर पांढरकवड्याला नेऊन विकायची आणि वर्षभर दाळ किराण्यातून आणायची, असं चाललं आहे. मला हे फार दिवसांपासून खटकत होतं.

घरच्यांना यंत्राची काळजी, मला कागदांची. रात्री मामाजी म्हणाले, "आपलीच तूर, आपलीच दाळ. मंग सरकारले काय सांगाचं त्यात?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. शेती कुठं संपते आणि धंदा कुठं सुरू होतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

१ डिसेंबर २०२४

धंदा कुणाच्या नावानं, यावर तीन दिवसांपूर्वी जेवणं होईपर्यंत बोलणं झालं. धाकट्या दिरांना भागीदारी हवी होती. "वहिनी, माह्याबी नाव टाका नं. यंत्र त मीच चालवीन."

त्यांचं चूक नाही, म्हणून नीट वाचून काढलं. एकट्याच्या मालकीला वेगळी नोंदणी लागत नाही. माझा पॅन तोच धंद्याचा पॅन. पण कायद्याच्या नजरेत मी आणि मिल एकच, म्हणून मिलचं कर्ज बुडालं तर माझ्या घरादारावर येतं. भागीदारीतही हा धोका टळत नाही, उलट प्रत्येक भागीदार सगळ्या कर्जाला जबाबदार होतो. भागीदारी फर्मची नोंदणी १९३२ च्या कायद्यानं सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला बाहेरच्या माणसाकडची थकबाकी वसूल करायला दावा लावता येत नाही. भागीदारांचा मोबदला वजा जाऊन जो नफा उरतो, त्यावर फर्मला पहिल्या रुपयापासून ३० टक्के आयकर लागतो. एकट्या माणसाला निदान खालचा टप्पा करमुक्त मिळतो.

मिल माझ्या नावानं करायची ठरली. दिरांना दर महिन्याला पगार, तोही बँकेतून. ते दोन दिवस गप्प होते. मग त्यांनीच विचारलं, पगार किती लिहायचा. आकडा मी त्यांनाच ठरवायला लावला.

९ डिसेंबर २०२४

आज १,५०० रुपये वाया गेले. उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीसाठी, एका एजंटाकडे गेले होते. त्यानं आधार घेतलं, ओटीपी विचारला, छापील कागद दिला आणि पैसे घेतले. घरी येऊन पाहिलं तर सरकारी उद्यम नोंदणीला एक पैसाही लागत नाही. १ जुलै २०२० पासून ती फुकट आहे, आधारवर होते आणि कागद जोडायचे नसतात.

त्याहून वाईट म्हणजे त्यानं माझा धंदा 'व्यापार' म्हणून टाकला. हा फरक नुसत्या शब्दाचा नाही. व्यापाऱ्याला उद्यममधून बँकेच्या प्राधान्य कर्जाचा फायदा मिळतो, पण उधारी वेळेत मिळण्याचं कायद्याचं संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यालाच आहे. दाळ भरडणं म्हणजे उत्पादन. रात्री बसून दुरुस्ती केली, तीही फुकटच होते.

२३ डिसेंबर २०२४

विहिरीवरच्या मोटरीची थ्री फेज लाइन शेडपासून जवळच आहे. हे म्हणाले, तिथून केबल ओढू, नवीन मीटरचा खर्च वाचेल. गावात दोन-तीन जणांनी असंच केलं आहे.

मी नको म्हटलं. कृषिपंपाच्या सवलतीच्या विजेवर मिल चालवणं म्हणजे विद्युत कायदा २००३, कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर. सापडलं तर लागू असलेल्या दराच्या दुपटीनं आकारणी होते, तीही मागच्या काळासकट. शिवाय कृषी फीडरवर वीज कधी दिवसा असते, कधी रात्री. दाळ वाळवणाचं काम उन्हाच्या हिशेबानं चालतं, ते रात्री बाराच्या विजेवर कसं बसवायचं? महावितरणकडे औद्योगिक जोडणीचा अर्ज केला, पाच एचपी.

मामाजी अर्ज पाहत म्हणाले, "म्हंजे इजेचाबी धुरा आखला तू." शब्द मला पटला. दोन वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, नीट असला की भांडण होत नाही. इथं वावरही आपलं, शेडही आपला. पण धुरा हवाच.

१० जानेवारी २०२५

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मिळाला. शेड गावठाणात आहे म्हणून अकृषक परवानगीची भानगड आली नाही. शेतातल्या गटात शेड बांधला असता तर ती आधी पाहावी लागली असती. शेडच्या जागेचा नमुना ८ चा उतारा मामाजींच्या नावानं आहे, म्हणून त्यांचं संमतीपत्र लिहून घेतलं. हा एक कागद पुढं बँकेत आणि जीएसटीत दोन्हीकडे लागतो, तेव्हा दोन प्रती सही करून ठेवल्या.

अन्नसुरक्षा : उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर नुसती नोंदणी, वर्षाला १०० रुपये. पण छोट्या उत्पादकाला दिवसाला १०० किलोची मर्यादाही आहे, आणि आमची मिल तेवढं सकाळीच करेल. म्हणून राज्य परवान्याचा अर्ज केला. परवाना असलेल्या उत्पादकाला दरवर्षी ३१ मेपर्यंत वार्षिक विवरण भरावं लागतं. कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलं.

दुकान-आस्थापना कायदा, २०१७ : दहापेक्षा कमी कामगार, तेव्हा फक्त ऑनलाइन कळवायचं. आमच्याकडे दीर आणि दोन बाया. पीएफ २० कामगारांपासून आणि ईएसआय (कामगार विमा) १० पासून, ते दोन्ही सध्या नाही. पाटीवर मराठी देवनागरीत आधी लिहायचं, छोट्या दुकानालाही हे लागू आहे. आम्हाला दुसरी लिपी नकोच होती.

२८ जानेवारी २०२५

पांढरकवड्याला सीए मॅडमकडे दोन तास बसले. मामाजींच्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं, म्हणून सविस्तर लिहिते.

शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. पीक बाजारात नेण्याजोगं करण्यासाठी शेतकरी जी नेहमीची प्रक्रिया करतो, तीही शेतीतच धरतात. तूर कापणं, मळणं, उफणणं हे सगळं शेतीत. पण तुरीला तूर म्हणूनच बाजार आहे. बाजार समितीत ती तशीच विकली जाते. म्हणून ती भरडून दाळ करणं हे विकण्याजोगं करणं नाही, तो धंदा. धुरा इथं आहे, तूर आणि दाळ यांच्या मध्ये.

मग घरच्या तुरीचं काय? आयकर नियम ७ सांगतो की स्वतः पिकवलेला माल स्वतःच्या धंद्यात कच्चा माल म्हणून वापरला, तर त्याची त्या वेळची बाजारातली किंमत शेतीचं उत्पन्न म्हणून वजा करायची. उरेल ते धंद्याचं.

माझ्या नावावर दोन एकरांचा सातबारा आहे. समजा त्यातली ६ क्विंटल तूर मी मिलमध्ये टाकली. भाव ७,२०० धरला तर ४३,२०० रुपये शेतीचे. दाळ निघेल सव्वाचार क्विंटल, ११,५०० च्या भावानं ४८,८७५. चुनी, म्हणजे भरडताना पडणारा चुरा, १.३ क्विंटल, २,२०० नं २,८६०. एकूण ५१,७३५. त्यातून ४३,२०० गेले की ८,५३५ राहतात, आणि त्यातूनही वीज, तेल, मजुरी जायची आहे. धंद्याचं उत्पन्न एवढंच. हा हिशेब ठेवला नाही तर सगळे ५१ हजार धंद्याचे दिसतील आणि शेतीची सूट आपणच हातानं सोडून दिली असं होईल.

मामाजींच्या सात एकरांतली तूर ही दुसरी गोष्ट. जमीन त्यांची, धंदा माझा. ती मी त्यांच्याकडून विकत घेतली असं लिहायचं. त्यांना मिळाले ते त्यांचं शेतीचं उत्पन्न, मला लागले तो माझा खर्च. भाव त्या दिवशीचा समितीतला धरायचा, पावती करायची, पैसे खात्यातून द्यायचे.

एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेलं, तर कराचा दर ठरवताना शेतीचा आकडा जमेस धरतात. कर शेतीवर लागत नाही, पण दुसऱ्या उत्पन्नाचा टप्पा वर सरकू शकतो. म्हणून शेतीचं उत्पन्न विवरणात दाखवायचं, लपवायचं नाही.

उरलेली तूर कुठून आणायची, हाही प्रश्न होता. शेजाऱ्यांची तूर धंद्यासाठी त्यांच्या अंगणातून उचलणं हा १९६३ च्या पणन कायद्याचा विषय आहे, त्याला थेट पणनाचा परवाना लागतो. पहिल्या वर्षी घरची तूर आणि कमी पडेल ती बाजार समितीतून अडत्यामार्फत, सौदापट्टीवर (सौद्याच्या पावतीवर). प्रत्येक सौदापट्टीचा फोटो काढून ठेवायचा, कारण त्यांची शाई सहा महिन्यांत उडते.

१६ फेब्रुवारी २०२५

यंत्र बसलं. पहिली खेप फसली. तुरीला तेलपाणी लावल्यानंतर वाळवण कमी झालं, दाळ तुटली, चुनी जास्त पडली. दुसऱ्या खेपेला दोन उन्हं जास्त दिली. क्विंटलला ७१ किलो.

कर्ज पीएमएफएमई या लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या सरकारी योजनेतून. प्रकल्प ५ लाखांचा, त्यात १० टक्के आपले, म्हणजे ५०,००० आणि बँकेचे साडेचार लाख. अनुदान ३५ टक्के, १,७५,०००. पण ते हातात येत नाही. बँकेत वेगळं पडून राहतं आणि तीन वर्षं मिल चालू राहिली, कर्ज नियमित राहिलं, तर कर्जात वळतं. गावात "पावणेदोन लाख भेटले" असं पसरलं आहे. हे पैसे आत्ता खर्चायला नाहीत, हे घरातही सगळ्यांना बसवून सांगितलं.

५ मार्च २०२५

जीएसटी. गावात प्रत्येकाच्या तोंडी एकच आकडा, ४० लाख. "चाळीस लाखापर्यंत काई नाई लागत." मीही तेच धरून चालले होते. आज कळलं की आमच्यासाठी ते खरं नाही.

४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला आहे. आम्ही दोन कामं करणार. स्वतःची दाळ विकायची आणि लोकांची तूर भरडून द्यायची. भरडाई घेणं ही सेवा. माल आणि सेवा दोन्ही असलं की मर्यादा २० लाख.

दुसरी गोष्ट, सुटी दाळ करमुक्त आहे. पण १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या दाळीवर ५ टक्के लागतो. भरडाईवरही ५ टक्के. चुनी १ जानेवारी २०२३ पासून शून्यावर आली. आणि मर्यादा मोजताना करमुक्त विक्रीसुद्धा बेरजेत धरतात. इथंच बहुतेक जण चुकतात.

वर्षाचा अंदाज मांडला :

दाळ १५० क्विंटल, ११,५०० नं = १७,२५,०००
भरडाई ३०० क्विंटल, ६०० नं = १,८०,०००
चुनी ४५ क्विंटलच्या वर, साधारण = १,००,०००
बेरीज = २०,०५,०००

पाच हजारांनी वर. तेही चुनीमुळे, जिच्यावर एक रुपया कर नाही.

फक्त सुटी दाळ आणि चुनी विकली असती, भरडाई घेतलीच नसती, तर सगळा माल करमुक्त म्हणून उलाढाल कितीही झाली तरी नोंदणीची गरज नव्हती. पण भरडाई सोडायची नाही. मिल काढली ती गावातल्या तुरीची दाळ गावात व्हावी म्हणून. आणि पाकिटाशिवाय शहरात भाव मिळत नाही.

कंपोझिशनचाही, म्हणजे छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठोक कर भरायच्या पर्यायाचाही, विचार केला. उत्पादकाला १ टक्का, पण तो सगळ्या उलाढालीवर, करमुक्त दाळीसकट. म्हणजे २०,०५० रुपये, आणि ते गिऱ्हाइकाकडून घेता येत नाहीत. नेहमीच्या नोंदणीत ४० क्विंटल पाकिटं धरली तर ४,६०,००० वर ५ टक्के, २३,०००, अधिक भरडाईवरचे ९,०००. हा कर गिऱ्हाईक देतं, आणि पाकिटांच्या प्लास्टिकवर भरलेला कर वळता करून मिळतो. शिवाय कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. आम्हाला आदिलाबाद यवतमाळपेक्षा जवळ आहे.

नेहमीची नोंदणी घ्यायची. मर्यादा ओलांडायची वाट पाहायची नाही.

१ एप्रिल २०२५

नवं आर्थिक वर्ष, आजपासून बिलं. चालू खातं उघडलं. मिलचा पैसा त्यातच येईल. घरात किराणा लागला तर आधी माझ्या बचत खात्यात वळवायचा, मग खर्च.

आयकरासाठी पहिली काही वर्षं कलम ४४एडी. रोख विक्रीवर ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या पैशावर ६ टक्के नफा धरायचा. वीस लाख सगळे यूपीआयनं आले तर १,२०,०००. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात नव्या पद्धतीची करमुक्त मर्यादा ४ लाख झाली आहे. म्हणजे कर शून्य. तरी विवरण भरायचं, पुढचं कर्ज मागताना बँक तेच आधी विचारते. पैसे यूपीआयनंच यावेत म्हणून क्यूआर कोड शेडच्या दारावरच लावला.

व्यवसाय कराची नावनोंदणी ३० दिवसांत करायची. वर्षाला २,५००.

मामाजींकडून १४ क्विंटल तूर घेतली. पावतीवर सही करताना त्यांनी भाव दोनदा विचारला आणि समितीचा त्या दिवशीचा मेसेज स्वतः पाहिला. मग म्हणाले, "हे बरं केलं. पह्यल्यांदाच माह्या तुरीचे पैसे माह्या खात्यात दिसून राह्यले."

१७ एप्रिल २०२५

आज चूक माझी. एक किलोच्या पाकिटांची एक हजार लेबलं छापून आली. नाव, पत्ता, वजन, किंमत, परवान्याचा १४ आकडी क्रमांक सगळं आहे. पॅकिंगचा महिना-वर्ष टाकायला जागाच सोडली नाही, आणि तक्रारीसाठीचा फोन नंबर राहिला. यवतमाळच्या दुकानदारानं पाकीट हातात घेऊन पहिलं तेच शोधलं आणि माल परत केला. बरोबरच केलं त्यानं.

वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे एवढं हवंच : बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत, तक्रारीचा संपर्क. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत पॅकर म्हणून नोंदणीही करायची. इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी मुद्रांकन. गावातली भरडाई याच काट्यावर मोजणार आहोत. एक किलो इकडे-तिकडे झाला तर वर्षाचा भरवसा जाईल, म्हणून शिक्क्याचं प्रमाणपत्र काट्याच्या वरच भिंतीला लावलं.

नवीन लेबलं : २,१०० रुपये.

९ मे २०२५

आदिलाबादहून मागणी आली, ८० पाकिटं. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणा. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल एक रुपयाची असली तरी नोंदणी आधी लागते. आपली झाली आहे, म्हणून आयजीएसटीचं (राज्याबाहेरच्या विक्रीवरच्या जीएसटीचं) बिल करून पाठवलं. याच रस्त्यानं कित्येक जण बिलाशिवाय माल नेतात. एकदा अडवला की मालही जातो आणि गिऱ्हाईकही.

२ जुलै २०२५

पेरण्या झाल्या, भरडाई मंदावली. वही नीट केली.

पाकीट आणि सुटी दाळ एकाच गिऱ्हाइकाला दिली की दोन बिलं करत होते. मॅडम म्हणाल्या, गिऱ्हाईक जीएसटीत नोंदलेलं नसेल तर एकाच कागदावर दोन्ही चालतं. तिमाही विवरणाचा पर्याय घेतला आहे, पण तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या वेळी भरायचा, पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत. तिमाहीचं विवरण आणि तिसऱ्या महिन्याचा कर तिमाही संपल्यावर २२ तारखेपर्यंत. विवरण चुकलं तर दिवसाला ५० रुपये. जाऊबाईंनी मोबाइलवर गजर लावून दिले. आता ही तारखांची जबाबदारी त्यांनीच घेतली आहे.

१४ ऑक्टोबर २०२५

एका घाऊक व्यापाऱ्याकडे ६८,००० रुपये अडीच महिने अडकले होते. फोन केला की "पुढच्या आठवड्यात". हे म्हणाले, जाऊ दे, संबंध बिघडतील. पण त्याच पैशात माझी पुढची तूर यायची होती.

पत्र लिहिलं. वर उद्यम क्रमांक, खाली बिलांची यादी. २००६ च्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) कायद्यात लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि आयकर कलम ४३बी(एच) मुळे मुदत टळल्यावर त्याला हा खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच वजा मिळतो, मार्चअखेर रक्कम उभी राहिली तर त्या वर्षी मिळत नाही. पत्राची भाषा नम्र ठेवली. व्याज मागितलं नाही, कलमं मात्र लिहिली.

नऊ दिवसांनी पूर्ण रक्कम खात्यात आली. तो एजंटाचा 'व्यापार' शब्द मी डिसेंबरात दुरुस्त केला नसता, तर या पत्राला वजन राहिलं नसतं.

यंदा तुरीचा हमीभाव ८,००० जाहीर झाला आहे. तूर पुन्हा फुलावर येते आहे. गावातले तिघं भरडाईचा भाव विचारून गेले. वीस लाखांच्या बेरजेत सप्टेंबरअखेर ९,४०,००० झाले आहेत. उद्या नवीन उधारीसाठी एक पानाचं मागणीपत्र छापायला टाकायचं आहे, ज्यावर पैसे देण्याची तारीख आणि व्यापाऱ्याची सही दोन्हीला जागा असेल.